महिपतीनानांचं उपरणं

वराळ्यात एखादी पोर पोटुशी असल्याची कुजबुज सुरू झाली, की रखमाजीच्या भावकीतली माणसं दोरीवरचे कपडे दुपार टळायच्या आत काढून घरात नेत. कारण त्याच सुमाराला झुंबरबाई दुपट्याच्या तयारीला लागलेली असे.

झुंबरबाई म्हणजे रखमाजीची बायको. दुसऱ्याच्या शेतातला हरभरा तिनं कधी उपटला नाही, की बाजारात मापावर मूठभर जास्त घेतलं नाही. पण बाळाचं दुपटं शिवायचं म्हटलं की ती सरळ चोरी करी, आणि त्याचं तिला काडीइतकं वाईट वाटत नसे. तिचं म्हणणं साधं होतं. जुनेर मागितलं तर माणूस ज्याला कंटाळला तेच काढून देतो, ताठर नाहीतर कुजलेलं. खरं मऊ कापड म्हणजे जे दोनशे वेळा धुतलं तरी माणूस सोडत नाही, अंगात कसर असली की शोधून पांघरतो. ते कुणी आपल्या हातानं देत नाही, आणि तान्ह्या अंगाला तर तेच हवं. तेव्हा न विचारता आणायचं, हवं तेवढं कापायचं, उरलेलं परत दोरीवर टाकायचं आणि त्याच्या टोकाला गुळाचा खडा बांधून ठेवायचा, म्हणजे चोर घरचाच आहे हे कळावं. एका बाहीचा सदरा घालून फिरणारा माणूस दिसला की गाव ओळखे, कुठेतरी पाळणा हलणार.

थोरली लेक कस्तुरा हिला हा सगळा प्रकार लहानपणापासून लाजिरवाणा वाटायचा. ती सातवी झालेली, लोणावळ्यात मुलींच्या शाळेत शिकवणारी. नवरा रेल्वेत, बिऱ्हाड तुंगार्लीला. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायची नाही. एकदा तिनं आईची ही खोड मोडावी म्हणून स्वतःच्या पगारातून चार वार मलमल आणून दिली होती. झुंबरबाईनं ती उलटीपालटी करून पाहिली, ‘हे कुणाच्या अंगाचं?’ म्हणून विचारलं आणि कुणाच्याच नाही असं कळल्यावर घडी करून ट्रंकेत ठेवून दिली.

सन चौतीसच्या कार्तिकात झुंबरबाई खोकल्यातापानं तीन दिवसांत गेली. कस्तुरानं यायचं ते येऊन करायचं ते सगळं केलं. रडायला बसलेल्या बायकांना चहा दिला, तेराव्याचे लाडू मोजले आणि शाळेवर रुजू झाली. फाल्गुनात धाकटी बहीण नंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा महिन्याची रजा काढून ती पुन्हा वराळ्याला आली. नंदाला मुलगी झाली. पोर पाचशेरी म्हणावी अशी गुटगुटीत. आणि तिसऱ्या दिवशी बाळासाठी काहीतरी शोधताना कस्तुराला आईच्या ट्रंकेत दुपटं सापडलं.

तीन बाजू शिवलेल्या होत्या. चौथी उघडीच होती, कारण बाळ जन्मल्याशिवाय चौथी बाजू बंद करायची नाही असा घरचा रिवाज. धावदोरा मुंगीच्या रांगेसारखा, आईचाच. नऊ घरं. कडेच्या आठ घरांत भावकीतले आठ तुकडे बसले होते. वडलांच्या धोतराचा तुकडा तिनं ओळखला, आपल्या एका हरवलेल्या झंपराचाही ओळखला. मधलं घर मात्र रिकामं होतं. त्यातून खालचं अस्तर दिसत होतं.

मधलं घर कुणाचं हे तिला ठाऊक होतं. ते धाकट्या चुलत्याचं, महिपतीनानांचं. झुंबरबाई बारा वर्षांची नवरी होऊन या घरात आली तेव्हा हा दीर आठ वर्षांचा, आईवेगळा. तिनंच त्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या, त्याला पोहायला जाऊ दिलं आणि भिजून आल्यावर बडवलं. तिनं पहिली चोरी केली ती त्याच्या बंडीची, कस्तुराच्याच दुपट्यासाठी. तेव्हापासून भावकीतल्या प्रत्येक दुपट्याच्या मध्ये नानांचं कापड. ही मांडणी बायकांनाच माहीत. पुरुषांना आपलं कापड गेल्याचं कळे, ते कुठे बसलं हे कुणी सांगत नसे.

आता गोष्ट अवघड झाली होती ती एवढ्यासाठी, की चार वर्षांपूर्वी नानांनी मुलीच्या लग्नात मानाचा फेटा आधी व्याह्यांच्या मामाला बांधला आणि मग सख्ख्या थोरल्या भावाला. रखमाजी बांधलेला फेटा डोक्यावरून काढून, मांडवाच्या मेढीला गुंडाळून घरी आले. तेव्हापासून दोघा भावांत अबोला. झुंबरबाईनं त्या काळातही नानांच्या सदऱ्याची पाठ एकदा उतरवून आणलीच होती. अबोला पुरुषांचा होता, दोरीवरच्या कपड्यांचा नव्हता.

नंदा म्हणाली की ताई, लाव की काहीही मध्ये, बाळाला काय कळतंय. कस्तुरानं आपल्या लुगड्याच्या पदराचा तुकडा लावून पाहिला. टाचला, लांबून पाहिला आणि उसवला. ट्रंकेतली मलमलही लावून पाहिली. ती तर पाहुण्यासारखी अंग चोरून बसली. आईच्या हातचं हे शेवटचं दुपटं. बाराव्या दिवशी बारसं, त्या दिवशी ते आईच्या रीतीनं पुरं होऊन पाळण्यात पडायला हवं होतं. आणि आईची रीत चोरीची होती.

तिनं हे भागूबाईला सांगितलं. भागूबाई डोंगराकडच्या वाडीवरची, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला येणारी. झुंबरबाईच्या चोऱ्यांवर तीस वर्षं पहारा केलेली. ती बाळाला पायावर पालथं घालून तेल चोळत होती. हात न थांबवता म्हणाली, “मास्तरणीला चोरी शिकवायची म्हंजे... साळंत मंग काय शिकवत्यात गं?”

शिमगा तोंडावर आला होता. गावातली पोरं होळीसाठी लाकडं-गोवऱ्या पळवत होती, म्हणून महिपतीनाना दिवसभर पुढच्या अंगणात लाकडाच्या ढिगापाशी काठी घेऊन बसत. म्हणजे मागचं परसू मोकळं. भागूबाईनं बेत सांगितला. आपण पुढून जाऊन नानांकडे तंबाखू मागणार, कस्तुरानं निवडुंगाच्या कुंपणाच्या खिंडारातून मागे शिरायचं. कापड हातानं पारखायचं नाही, हात खोटं बोलतो. डोळा मिटायचा आणि कापड पापणीला लावायचं. पापणीला जे कळलं नाही, तेच मऊ.

पाचव्या दिवशी दुपारी कस्तुराबाई, मुलींना रोज सकाळी ‘खरे बोलावे’ हा धडा गिरवायला लावणारी, निवडुंगातून वाकून आत शिरली. शिरताना पदराला दोन काटे लागले, ते तिनं शिस्तीनं काढले. पुढून भागूबाईचा आवाज येत होता. यंदाची तंबाखू कशी जळकी लागतेय याबद्दल ती नानांशी वाद घालत होती. दोरीवर एक धोतर, नानांच्या बायकोची, रतनकाकूची, दोन लुगडी आणि एक पांढरं चौकोनी कापड. तिनं डोळे मिटून एकेक पापणीला लावलं. धोतर खळीचं, टोचलं. चौकोनी कापड लावलं आणि लावलंय की नाही हेच कळेना.

ते तिनं पोलक्यात कोंबलं आणि पळाली. शाळेच्या मैदानात पोरींना शर्यतीत पळताना पाहिलं होतं तेवढाच तिचा पळण्याशी संबंध, पण पळाली. घरी आल्यावर कार्तिकापासून पहिल्यांदाच तिला भूक लागली होती. उभ्याउभ्या अर्धी भाकरी खाल्ली. मग बसून मधलं घर भरलं. गुळाचा खडा बांधायचा राहून गेला, हे तिला चौथी बाजू शिवायला घेताना आठवलं.

दुसऱ्या दिवशी रतनकाकू गल्लीतून होळीच्या पोरांना शिव्या देत गेली. त्या शिव्यांत कस्तुराच्या कानावर फडक्याचा काहीतरी उल्लेख आला, पण तिनं मनावर घेतलं नाही. दुपट्याला किंचित आंबूस वास होता, तोही बाळानं दूध टाकल्याचा असेल असं ती धरून चालली.

सातव्या दिवशी मांजर आलं. दुपट्याच्या बरोबर मधल्या घरावर बसलं आणि डोळे मिटून ते चाटायला लागलं. हाकललं तर परत आलं. पुन्हा हाकललं तर तासाभरानं दुसरं एक घेऊन आलं. भागूबाईनं दुपटं उचलून नाकाला लावलं आणि भिंतीला टेकून खालीच बसली. हसणं आवरल्यावर तिनं सांगितलं की हे नानांचं नाही, हे रतनबाईचं चक्का टांगायचं फडकं. लोणावळ्याच्या बंगलेवाल्यांना श्रीखंडासाठी चक्का जातो तो याच्यातूनच, गेली वीस वर्षं. मऊ नसेल तर काय होईल!

नंदा इतकी हसली की ओली बाळंतीण म्हणून तिला गप्प करावं लागलं. कस्तुरानं चेहरा सरळ ठेवून मधलं घर उसवलं. फडकं उकळून धुतलं, आणि राहिलेलं काम आता तरी नीट करावं म्हणून टोकाला गुळाचा खडा बांधून भागूबाईच्या हाती ते परत दोरीवर टाकायला दिलं.

एवढं झाल्यावर महिपतीनानांना चोर कोण हे कळायला पंचांग पाहावं लागणार नव्हतं.

दहाव्या दिवशी दुपारी ती पुन्हा निघाली. आता भागूबाईला बरोबर घेतलं नाही. होळी होऊन गेली होती, लाकडांवर पहारा नव्हता. परसात चिंचेखाली बाज टाकून नाना उताणे पडले होते. खांद्यावर जुनं मलमलीचं उपरणं. पिवळट पडलेलं, कडेला विरलेलं. रतनकाकू पलीकडे सुपात तांदूळ पाखडत होती. कस्तुरा खिंडारातून अर्धी आत, अर्धी बाहेर असतानाच नाना आभाळाकडे बघत बोलले.

“ये चोरटे. तुज्या आयनं मला तीस वर्सं लुटला, पर माज्या बायकूचं चक्क्याचं फडकं कदी न्हाई नेलं.”

कस्तुरा काट्यांतून पूर्ण आत आली. पदर सारखा केला. सबब सांगण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा तिनं खरं तेच सांगितलं.

“नाना, दुपट्याचं मधलं घर रिकामं आहे. ते तुमचं असतं. दरवेळी.”

नानांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

“दरयेळी?”

“माझ्यापासून.”

त्यांनी उपरण्याचं टोक हातात घेऊन बोटाभोवती गुंडाळलं आणि सोडलं. मग म्हणाले की दिवाळीपासून हे उपरणं ते रोज बाहेर टाकत होते. नंदीला दिवस गेल्याचं रतननं सांगितलं होतं. वाटलं, वहिनी आज नेईल, उद्या नेईल. खोकला झालाय असं ऐकलं, म्हणून थांबले.

“मंग पाऊस पडला दोन दिस, अवकाळी,” ते म्हणाले. “तवाबी भाईरच हुतं.”

सुपातले तांदूळ थांबले होते. कस्तुरा म्हणाली, “मग आता द्या ना नाना. वीतभर पुरे.”

नाना उठून बसले. इतका वेळ शांत असलेला माणूस एकदम दुखावला गेला.

“द्या? मागती व्हय गं? तुजी आय माज्या दारात कदी मागाय न्हाई आली. मागून आनल्यालं तान्ह्या पोरीच्या अंगावर घालनार? मास्तरीन झालीस, शानपन कुटं ठिवलंस?” पुन्हा आडवे होत त्यांनी कूस बदलली. “मी निजतुया. निजल्यावर मानसाचं काय जातं न काय ऱ्हातं, त्ये त्याला ठावं नसतं.”

आणि त्याच श्वासाला ते घोरायला लागले. इतक्या तत्परतेनं घोरणारा माणूस कस्तुरानं पाहिला नव्हता. शाळेत तपासणीच्या दिवशी मुली वाचायचं नाटक करतात तेही याहून बरं असे. उपरण्याचं टोक बाजेवरून खाली लोंबत होतं. तिनं कनवटीची कात्री काढली, गुडघ्यावर बसली आणि टोकाला कात्री लावली.

घोरणं थांबलं. “तितं न्हाई. तितं तंबाकूचा डाग हाय.”

पुन्हा घोरणं सुरू. तिनं हात वर सरकवला.

“आनखी वर.”

“नाना, झोपलात ना?”

“व्हय.”

रतनकाकूनं सूप तोंडासमोर धरलं होतं आणि सूप हलत होतं. कस्तुरा वर सरकत सरकत खांद्याशी पोचली. उपरणं जिथं मानेवर घासतं, नांगर धरताना घामानं भिजतं आणि रोज वाळतं, तिथलं कापड सगळ्यात विरलेलं असतं. पण तिथं कापलं म्हणजे उपरणं संपलंच, दोन तुकडे. तिनं क्षणभर थांबून नानांकडे पाहिलं. ते जोरात घोरले. तिनं कापलं.

मग डोळे मिटून तुकडा पापणीला लावला. लावला, आणि पारखायला लागतो त्याहून जरा जास्त वेळ तसाच धरून ठेवला. तेवढा वेळ नाना घोरायचे थांबले होते.

बारशाच्या दिवशी नंदाच्या सासरची माणसं आली, भावकीतल्या बायका आल्या. दुपटं या हातातून त्या हातात गेलं. एकेकीनं आपापल्या घरचं जुनेर ओळखून नाकं मुरडली, हसल्या, डोळे पुसले. मधल्या घरावरून बोटं फिरवताना माना हलल्या. पाळण्यात पोरीचं नाव सारजा ठेवलं. तिला दुपट्यात गुंडाळून ओसरीवर आजोबांच्या मांडीवर दिलं, आणि घुगऱ्या वाटायला घेतल्या तोच दारात आरडाओरडा झाला.

महिपतीनाना उभे होते. दोन्ही खांद्यांवर उपरण्याचा एकेक तुकडा. वहिनी गेली तो दिवस सोडला, तर चार वर्षांनी ते या दारात आले होते, आणि भावाकडे न बघता ओसरीच्या खांबाला सांगत होते की या घरातल्या कारभाऱ्याला कळवा, भरदिवसा, निजलेल्या माणसाच्या अंगावरचं वस्त्र कापून नेलंय, आणि मुद्देमाल याच घरात आहे.

रखमाजींनी त्याच खांबाला उत्तर दिलं की निजलेल्या माणसानं जागं राहायला काय धाड भरली होती.

नानांनी खांबाला विचारलं की चोराची बाजू घेणारा कारभारी कुठल्या गावात असतो.

रखमाजी खांबाला म्हणाले की त्यांची स्वतःची सात धोतरं याच घरात चोरीला गेली, पण ते गल्लीत बोंबलत फिरले नाहीत.

“सात कुटनं आली?” नाना सरळ भावाकडे वळले. “पाच. दोन तर माजी हुती, तुमच्या दोरीवर वाळत हुती.”

“तुजी? माज्या दोरीवर तुजी कशाला आली?”

“वयनीनं धुवून घातली हुती म्हनून!”

मग पायरी कधी चढले ते त्यांचं त्यांना कळलं नसावं. नाना रखमाजींच्या शेजारी घोंगडीवर बसले आणि दोघं चोरीचा हिशेब मांडायला लागले. कुणाचा सदरा, कुठल्या साली, कुणाच्या वेळी. एकदा झुंबरबाईनं नानांच्या मुंडाशाचा लोंबता शेव ते जेवायला बसलेले असताना मागून कापला होता. रखमाजी म्हणाले, तो शेव आपल्या मुंडाशाचा. लग्नातल्या फेट्याचं नाव कुणी काढलं नाही, ते आठवायला कुणाला सवड नव्हती. कस्तुरा घुगऱ्यांचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. कार्तिकापासून या घरात आईबद्दल इतकं कुणी बोललं नव्हतं.

नाना बाळावर वाकले आणि अंगठ्यानं दुपटं चाचपायला लागले. मधल्या घरावर अंगठा थांबला. “ह्यो बघा माल. मदला. मदला माजा.”

रखमाजींनी मधल्या घरावर हात ठेवला, मग त्याला लागून असलेल्या पांढऱ्या घरावर ठेवला. दोन्ही पांढरी, दोन्ही विरलेली. “मदला माजा आसनार. थोरला मी हाय. तुजा ह्यो, कडंचा.”

“कडंचा? मी कडंचा?”

आवाज चढले. बायका थबकल्या. चार वर्षांपूर्वी मांडवात असंच सुरू झालं होतं, तेव्हाही आधी कुणी आणि मागून कुणी एवढाच प्रश्न होता. पोरगी जागी होऊन दोघांकडे टकामका पाहायला लागली. मग दोघंही एकदमच उंबऱ्याकडे वळले.

“कस्तुरे, तू शिकल्याली हाईस, खोटं बोलनार न्हाईस,” रखमाजी म्हणाले. “सांग. मदला कुनाचा?”

कस्तुरानं ताट खाली ठेवलं. भागूबाई मागून तिच्याकडे टक लावून पाहत होती.

“आबा, शिवून झाल्यावर कुठला तुकडा कुणाचा ते सांगायचं नसतं,” ती म्हणाली. “बाळाला बाधतं. आई म्हणायची.”

रखमाजींनी सावकाश मान हलवली.

“म्हनायची. खरं हाय.”

“मीबी आयकलंय,” नाना म्हणाले. “दोनदा.”

झुंबरबाई असं जन्मात कधी म्हणाली नव्हती.